मुलाखतींवर आधारलेलं संशोधन कसं करावं: आरोग्य, सामाजिक सेवा आणि उच्च शिक्षणाच्या अभ्यासकांसाठी

मुलाखत घेणं सोपं वाटतं, कारण बोलणं सगळ्यांनाच येतं. म्हणूनच नर्सिंग, समाजकार्य, सार्वजनिक आरोग्य आणि शिक्षणशास्त्रातले कितीतरी विद्यार्थी प्रबंधासाठी ही पद्धत निवडतात आणि काही महिन्यांनी टाइप केलेल्या पानांच्या ढिगासमोर अडकून बसतात. सगळे सहभागी साधारण तेच बोललेले असतात आणि थीम (अनेक मुलाखतींतून दिसणारं समान सूत्र) म्हणून हाती लागतात ती आपल्याच प्रश्नांची शीर्षकं. ही अडचण विश्लेषणाच्या वेळी दिसते, पण तिचं मूळ बरंच मागे असतं. आमच्या मते अशा संशोधनाचा कस दोन गोष्टींत लागतो. समोरच्याला मत विचारलं की घडलेला प्रसंग विचारला, ही पहिली. वाटेत घेतलेला प्रत्येक लहानमोठा निर्णय कारणासकट लिहून ठेवला की नाही, ही दुसरी.

त्यामुळे सुरुवात एका वहीपासून करा. तारीख, काय ठरवलं, का ठरवलं, असे तीनच रकाने. 'सहभागींच्या वयाची अट काढून टाकली, कारण पहिल्या चौकशीत साठीपुढचे काळजीवाहकच जास्त आढळले', इतकी साधी नोंद पुरते. लिंकन आणि गुबा यांनी १९८५ मध्ये गुणात्मक, म्हणजे आकड्यांऐवजी अर्थ शोधणाऱ्या, संशोधनाच्या विश्वासार्हतेचे निकष मांडले, त्यात बाहेरच्या माणसाला तपासता येईल असा निर्णयांचा माग ठेवण्यावर भर होता. वर्षभराने पद्धतीचं प्रकरण लिहायला बसाल, तेव्हा निम्मं प्रकरण या वहीतूनच निघेल.

आधी प्रश्न, मग पद्धत

किती लोकांना, किती टक्के, कोणत्या उपचाराने किती फरक पडला, यांची उत्तरं मुलाखतीतून मिळत नाहीत. त्यासाठी सर्वेक्षण किंवा चाचणी लागते. एखादी गोष्ट कशी घडते, माणसं तिचा अर्थ कसा लावतात, घरात किंवा संस्थेत निर्णय कसा होतो, हे शोधायचं असेल तर मुलाखत उपयोगाची.

'पक्षाघाताच्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या कुटुंबीयांच्या समस्या' हा विषय झाला. त्यात अजून प्रश्न नाही. आता हे पाहा: 'रुग्ण घरी आल्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत कुटुंबीय औषधं, व्यायाम आणि स्वतःचं काम यांची सांगड कशी घालतात?' यात माणसं ठरली, काळ ठरला, काय पाहायचं ते ठरलं. शिवाय 'समस्या' हा शब्द गेला. तो ठेवला असता तर प्रत्येक मुलाखतीत समस्याच शोधल्या गेल्या असत्या आणि लोकांनी काढलेल्या वाटा नजरेतून सुटल्या असत्या. उच्च शिक्षणातही हेच करावं. 'नर्सिंगच्या विद्यार्थ्यांचे प्रशिक्षणातील अनुभव' हा विषय 'वॉर्डात काय करावं हे कळत नाही तेव्हा पहिल्या वर्षाचे विद्यार्थी मदत कोणाकडे आणि कशी मागतात?' इथपर्यंत आणला की कामाला धरायला काहीतरी मिळतं.

आधीचं संशोधन शोधताना निदान तीन ऑनलाइन लेखसंग्रहांत पाहा. आरोग्यासाठी पबमेड आणि सिनाहल, शिक्षणासाठी एरिक, मानसशास्त्राकडे झुकणारा विषय असेल तर सायकइन्फो. प्रत्येक शोधाची तारीख, वापरलेले शब्द आणि मिळालेल्या लेखांची संख्या त्याच दिवशी तक्त्यात उतरवा. पुढे आठवून लिहिता येत नाही. शोधशब्द पाडण्यासाठी पायको (रुग्णगट, उपचार, तुलना, परिणाम) ही चौकट बरेच जण वापरतात, पण ती उपचारांच्या तुलनेसाठी घडवलेली आहे. गुणात्मक अभ्यासांसाठी २०१२ मध्ये स्पायडर नावाची चौकट सुचवली गेली. तिने नको असलेले लेख कमी येतात, पण हवे असलेलेही काही निसटतात. म्हणून केवळ तिच्यावर विसंबू नका. हाती आलेल्या चांगल्या लेखांच्या संदर्भसूच्याही चाळा.

कोणाशी बोलायचं, आणि किती जणांशी

इथे चिठ्ठ्या टाकून नमुना निवडायचा नसतो. ज्यांच्याकडे सांगण्यासारखं आहे अशी माणसं हेतुपूर्वक निवडायची, आणि त्यांच्यात फरक राहील हे पाहायचं. काळजीवाहकांच्या अभ्यासात नोकरी करणारे आणि न करणारे, पती-पत्नी आणि मुलं, रुग्णालयाजवळ राहणारे आणि लांबचे, असा तक्ता आधीच आखून घ्या आणि त्याच्या प्रत्येक चौकोनात निदान दोघं-तिघं येतील असं बघा.

यात एक खोच आहे. सहभागी बहुतेक वेळा कोणीतरी सुचवतं: वॉर्डाची प्रमुख परिचारिका, समाजसेवक, विभागप्रमुख. ही मंडळी सद्हेतूनेच बोलकी, समाधानी, सहकार्य करणारी माणसं पुढे करतात. तक्रार करणारी, वेळ नसलेली, उपचार अर्धवट सोडलेली माणसं यादीत येतच नाहीत. यावर उपाय म्हणजे सुचवणाऱ्याला नावं न मागता निकष द्यावेत, आणि निकषांत बसणाऱ्या प्रत्येकाला माहितीपत्रक मिळेल अशी व्यवस्था करावी. किती जणांना विचारलं, किती जणांनी नकार दिला, कारण सांगितलं असल्यास कोणतं, हेही टिपून ठेवा. कारण विचारू मात्र नका. नकाराचं स्पष्टीकरण देण्याचं बंधन कोणावरही नसतं.

संख्येचा प्रश्न प्रत्येक मार्गदर्शक विचारतो. गेस्ट, बन्स आणि जॉन्सन यांनी २००६ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या दोन देशांत घेतलेल्या ६० मुलाखतींचा आढावा घेतला, तेव्हा बहुतेक कोड (मजकुराच्या तुकड्याला त्याच्या आशयावरून दिलेली छोटी नावं) पहिल्या १२ मुलाखतींतच येऊन गेल्याचं त्यांना दिसलं. तेव्हापासून '१२ पुरेत' हे वाक्य सर्रास वापरलं जातं. पण त्या अभ्यासातल्या सहभागी बऱ्याच सारख्या परिस्थितीतल्या होत्या आणि प्रश्न नेमका होता, हे सांगायचं राहून जातं. तुमच्या गटात विविधता जास्त असेल, तर १२ वर थांबण्याला आधार उरत नाही. नॉर्वेच्या माल्टेरूड आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये वेगळा विचार मांडला: प्रश्न जितका नेमका, सहभागी जितके विषयाशी जवळचे, संवाद जितका कसदार आणि सिद्धांताचा आधार जितका पक्का, तितक्या कमी मुलाखतींत काम भागतं. आराखड्यात एकच आकडा न लिहिता '१२ ते १८' असा पल्ला द्यावा आणि कुठे थांबणार हेही लिहावं. उदाहरणार्थ, लागोपाठ तीन मुलाखतींतून मुख्य प्रश्नाबद्दल नवा कोड निघाला नाही तर थांबू. ही अट तपासायची असेल तर विश्लेषण मुलाखतींच्या बरोबरीने चालू ठेवावं लागतं. सगळ्या मुलाखती उरकून मग कोडिंगला बसणाऱ्याला आपण संपृक्ततेपर्यंत, म्हणजे नवं काही निघत नाही त्या टप्प्यापर्यंत, पोहोचलो असं म्हणण्याचा अधिकारच राहत नाही.

संमती आणि सत्तेचं नातं

एथिक्स कमिटीची (संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीची) मंजुरी मिळेपर्यंत एकाही सहभागीशी संपर्क करू नका, 'नुसतं विचारून ठेवतो' म्हणूनही नाही. मंजुरी मागाहून मिळवता येत नाही, आणि आधी गोळा केलेला डेटा वापरता येत नाही. अर्जासोबत साधारणपणे आराखडा, माहितीपत्रक, संमतीपत्र, प्रश्नसूची, बोलावण्याचा मजकूर आणि डेटा कसा सांभाळणार याची योजना लागते. अर्ज परत येण्याचं नेहमीचं कारण म्हणजे या कागदांत मेळ नसणं. एका कागदावर मुलाखत ४५ मिनिटांची, दुसऱ्यावर दीड तासाची. एका ठिकाणी डेटा पाच वर्षं ठेवणार, दुसऱ्या ठिकाणी दहा. पाठवण्याआधी सगळे कागद शेजारी ठेवून आकडे जुळवा.

माहितीपत्रक दोन पानांपेक्षा मोठं नको, आणि ते शाळेत सात-आठ इयत्ता शिकलेल्याला समजावं. विषयाशी संबंध नसलेल्या एखाद्या माणसाला ते मोठ्याने वाचायला लावा. तो जिथे अडखळेल तिथलं वाक्य बदला. वाचता न येणाऱ्यांसाठी ते वाचून दाखवायचं आणि संशोधनाशी संबंध नसलेला साक्षीदार बरोबर ठेवायचा. पत्रक देणं आणि सही घेणं यांत निदान एक दिवस जाऊ द्या. मुलाखतीची संमती वेगळी, ध्वनिमुद्रणाची वेगळी, आणि तिची शब्दशः अवतरणं छापण्याची आणखी वेगळी घ्या. तीन चौकोन, तीन खुणा. 'कधीही माघार घेता येईल' असं नुसतं लिहू नका, कारण लेख छापून आल्यावर ते खरं राहत नाही. 'मुलाखतीनंतर चार आठवड्यांपर्यंत कळवल्यास तुमची माहिती काढून टाकू' अशी तारीख द्या.

गोपनीयतेची मर्यादाही आधीच सांगायची असते. बोलता बोलता एखाद्या मुलावर किंवा वृद्ध व्यक्तीवर अत्याचार होत असल्याचं कळलं, किंवा कोणी जिवाचं बरंवाईट करण्याच्या विचारात आहे असं दिसलं, तर गप्प राहता येत नाही. अशा वेळी कोणाला कळवणार हे माहितीपत्रकात लिहा आणि मुलाखतीच्या सुरुवातीला तोंडीही सांगा. अर्ध्यातून सांगितलं तर ती फसवणूक ठरते.

या क्षेत्रांत सगळ्यात नाजूक मामला सत्तेचा आहे. शिक्षक आपल्याच विद्यार्थ्यांवर, परिचारिका आपल्याच वॉर्डातल्या रुग्णांवर संशोधन करते, तेव्हा समोरचा 'हो' म्हणतो त्यात भीड किती आणि इच्छा किती हे ओळखणं अवघड. संशोधनाच्या नीतीविषयीच्या १९७९ च्या बेलमाँट या अमेरिकी अहवालाने मांडलेल्या तीन तत्त्वांपैकी न्याय हे तत्त्व इथे थेट लागू होतं: एखादा गट केवळ हाताशी आहे म्हणून त्याच्यावर संशोधनाचा भार टाकू नये. हाताशी असलेला गट म्हणजे बहुतेक वेळा आपले विद्यार्थी. दुसरा मार्गच नसेल तर बोलावणं त्रयस्थाने करावं, मुलाखत त्रयस्थाने घ्यावी, कोण आलं आणि कोण आलं नाही हे गुण जाहीर होईपर्यंत शिक्षकाला कळू नये, आणि अंतर्गत गुणांचा मोबदला कधीच देऊ नये. परिचारिकेने उपचार संपल्यावर, शक्यतो वॉर्डाबाहेर आणि गणवेशाशिवाय मुलाखत घ्यावी.

प्रश्नसूची: जास्तीत जास्त वेळ इथे द्या

पाऊण ते एक तासाच्या अर्धरचित (मुख्य प्रश्न ठरलेले, पाठपुरावा मोकळा) मुलाखतीला सहा ते आठ मुख्य प्रश्न पुरतात. वीस प्रश्नांची यादी नेली की मुलाखतीची तोंडी प्रश्नावली होते: संशोधक यादी संपवण्याच्या घाईत असतो, आणि सहभागी दोन वाक्यांत उत्तर देऊन पुढच्या प्रश्नाची वाट पाहतो. प्रत्येक मुख्य प्रश्नाखाली दोन-तीन पाठपुराव्याचे प्रश्न लिहून ठेवा. ते विचारावेच लागतील असं नाही.

प्रश्न घडवताना एकच कसोटी लावा: याचं उत्तर प्रसंगात येईल की मतात? 'रुग्णालयाने पुरेशी माहिती दिली का?' याला 'हो, दिली की' हे उत्तर ठरलेलं. माणसं भिडस्त असतात, आणि 'पुरेशी' म्हणजे किती हे आपणच सांगितलेलं नसतं. त्याऐवजी म्हणा, 'घरी सोडलं त्या दिवसाबद्दल सांगा. सकाळपासून काय काय झालं?' मग पाठपुरावा करा: 'कागद कोणाच्या हातात दिले? औषधं समजावली तेव्हा तुम्ही कुठे होतात? घरी आल्यावर पहिली गोळी कोणी दिली?' माहिती पुरेशी होती की नाही हे या तपशिलातून तुम्हालाच दिसेल.

'तुम्हाला ताण येतो का?' यातही तोच दोष आहे. 'गेल्या आठवड्यात सगळ्यात जड गेलेला दिवस कोणता? त्या दिवशी काय झालं?' असं विचारलं की ताण हा शब्द सहभागी स्वतः वापरतो की दुसरा एखादा, हेही कळतं. 'डॉक्टर आणि परिचारिकांची वागणूक कशी होती?' हे एकात दोन प्रश्न झाले. उत्तर कोणाबद्दल आलं ते नंतर उलगडत नाही. 'का' ने सुरू होणारे प्रश्न टाळा. 'गोळ्या का बंद केल्या?' हे जाब विचारल्यासारखं ऐकू येतं आणि माणूस सफाई द्यायला लागतो. 'गोळ्या बंद करायचं कसं ठरलं?' असं विचारलं तर तो हकिगत सांगतो. विद्यार्थ्यांना 'प्रशिक्षणाबद्दल तुमचं मत काय?' असं विचारू नका. 'काय करावं हे कळत नव्हतं असा वॉर्डातला एखादा प्रसंग आठवतो का? तिथे कोण कोण होतं?' असं विचारा.

क्रमही महत्त्वाचा. पहिला प्रश्न सोपा आणि सांगायला मोकळा, जसं घरातला नेहमीचा दिवस कसा जातो. नाजूक प्रश्न साधारण मध्यावर. शेवटचा प्रश्न माणसाला हलकं करून उठवणारा हवा. मृत्यू किंवा अपमानाच्या आठवणीवर मुलाखत संपवून 'आभारी आहे' म्हणणं क्रूर आहे. सगळ्यात शेवटी 'मी विचारलं नाही पण सांगायला हवं असं काही आहे का?' हा प्रश्न ठेवा. पुढच्या सहभागींसाठी नवा प्रश्न अनेकदा त्याच उत्तरातून सापडतो.

दोन पथदर्शी मुलाखती घ्या आणि ध्वनिमुद्रण स्वतः ऐका. त्यात तीन गोष्टी मोजा: तुम्ही एकूण किती वेळ बोललात, किती वेळा समोरच्याला मध्येच तोडलंत, आणि 'बरोबर', 'छान' असं किती वेळा म्हणालात. तुमचं बोलणं एकूण वेळेच्या पाव हिश्शापेक्षा जास्त असेल तर प्रश्न छोटे करा. 'छान' म्हणण्याची सवय घातक असते, कारण कोणतं उत्तर तुम्हाला आवडलं ते सहभागीला कळतं आणि तो तसंच आणखी देतो.

प्रत्यक्ष मुलाखत

जागा सहभागीने निवडावी, पण दार लावता येईल अशी असावी. दोन ध्वनिमुद्रक ठेवा, एकावर विसंबू नका. फोन वापरत असाल तर तो फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर कॉल आला की मुद्रण थांबू शकतं. आधी अर्धा मिनिट मुद्रण करून ऐका. पंख्याचा आवाज खोलीत बसलेल्याला जाणवत नाही, मुद्रणात मात्र शब्द गिळतो. मुद्रक मऊ कापडावर, सहभागीकडे तोंड करून ठेवा. सुरुवातीला नाव न घेता सांकेतिक क्रमांक आणि तारीख बोला.

उत्तर संपलं असं वाटल्यावर मनात पाच आकडे मोजा. नवख्या संशोधकाला शांतता अवघड वाटते आणि तो पुढचा प्रश्न टाकतो. सांगण्यासारखं नेमकं त्या शांततेनंतर येत असतं. पाठपुराव्यासाठी सहभागीचाच शब्द उचला. तो म्हणाला 'तेव्हा सगळं अंगावर आलं', तर तुम्ही 'म्हणजे डिप्रेशन आलं?' म्हणू नका. 'अंगावर आलं म्हणजे काय झालं, जरा सांगाल?' इतकंच पुरे.

काही अडचणी हमखास येतात. घरातलं दुसरं माणूस शेजारी येऊन बसतं आणि तेच उत्तरं देऊ लागतं. त्यांना घालवून देऊ नका. 'तुमच्याशीही नंतर बोलायला आवडेल' म्हणून वेगळी वेळ ठरवा आणि नाजूक प्रश्न मागे ठेवा. ते उठलेच नाहीत तर ते हजर होते ही नोंद ट्रान्सक्रिप्टच्या (मुद्रणावरून टाइप केलेल्या मजकुराच्या) डोक्यावर लिहा. सहभागी तुम्हाला डॉक्टर किंवा परिचारिका समजून सल्ला विचारतो: ही गोळी बंद केली तर चालेल का? तुम्हाला उत्तर येत असलं तरी त्या क्षणी देऊ नका, कारण त्यानंतर तो परीक्षा दिल्यासारखा बोलायला लागतो. 'मुलाखत झाली की यावर बोलू' म्हणा आणि संपल्यावर योग्य ठिकाणी नक्की पाठवा. धोका तातडीचा असेल, चुकीची मात्रा घेतली जात असेल, तर मुलाखत तिथेच थांबवा. संशोधन त्यापुढे गौण आहे.

कोणी रडलं तर मुद्रण थांबवायचं का, हे त्यांना विचारा. बरेच जण 'चालू द्या' म्हणतात, पण ठरवणं त्यांच्या हातात हवं. समुपदेशनाच्या सेवांची छापील यादी सगळ्यांनाच द्या, फक्त रडलेल्यांना नाही. दुसऱ्या दिवशी फोन करून विचारपूस करण्याची परवानगीही आधीच घेऊन ठेवा.

मुद्रक बंद केल्यावर, दाराशी उभं असताना, माणसं महत्त्वाचं बोलून जातात. ते वापरायचं असेल तर तिथेच विचारा: 'आता जे म्हणालात ते लिहून घेतलं तर चालेल?' नाही म्हणाले तर विसरा. त्याच दिवशी, झोपण्याआधी, पानभर टिपण लिहा. खोली कशी होती, कुठे आवाज बदलला, कोणता प्रश्न फसला, तुम्हाला स्वतःला कशाचा राग आला किंवा कीव आली. हे शेवटचं टाळू नका. तुमच्या भावना विश्लेषण कुठे ओढून नेत आहेत हे पुढे त्यातूनच कळतं.

ट्रान्सक्रिप्ट

एका तासाचं मुद्रण टाइप करायला सराव असलेल्या माणसालाही चार ते सहा तास लागतात, म्हणजे पंधरा मुलाखतींना साठ ते नव्वद तास. हा वेळ आराखड्यात धरलेलाच नसतो आणि प्रबंध लांबतो. निदान पहिल्या तीन मुलाखती स्वतः टाइप करा. आपापसात तोडून बोलणाऱ्या गटचर्चेला याहून बराच जास्त वेळ द्यावा लागतो.

आवाजावरून आपोआप मजकूर करणारी साधनं वापरण्याआधी ध्वनिफीत कोणत्या सर्व्हरवर जाते आणि तिथे किती दिवस राहते ते पाहा. एथिक्स कमिटीच्या मंजुरीत ते साधन नमूद नसेल तर वापरू नका. बोलीभाषा, औषधांची नावं आणि नकारार्थी वाक्यं ही साधनं हमखास चुकवतात, आणि 'नाही' गळलं की अर्थ उलटा होतो. म्हणून मुद्रण लावून प्रत्येक ओळ ताडून पाहावीच लागते. बोली सुधारून प्रमाण भाषेत लिहू नका. हुंकार, लांब विराम, हसणं, रडणं यांना ठरावीक खुणा द्या. प्रबंध दुसऱ्या भाषेत लिहायचा असला तरी विश्लेषण मूळ भाषेतच करा आणि फक्त छापायच्या अवतरणांचं भाषांतर करा.

नावं बदलणं पुरेसं नसतं. 'तीन मुलांची आई, डायलिसिस विभागातल्या एकमेव पुरुष परिचारकाची पत्नी' असा तपशील राहिला तर नाव काय उपयोगाचं? छोट्या विभागात, छोट्या अभ्यासक्रमात माणूस तपशिलावरून ओळखला जातो. व्यवसाय, वय, आजाराचं नाव यांतलं जे अर्थाला लागत नाही ते ढोबळ करा. सांकेतिक क्रमांक आणि खरी नावं जोडणारी फाइल वेगळी, कुलूपबंद ठेवा. ट्रान्सक्रिप्टच्या फोल्डरमध्ये ती कधीच नको.

कोडपासून थीमपर्यंत

ब्राउन आणि क्लार्क यांनी २००६ मध्ये थीमवार विश्लेषणाचे सहा टप्पे मांडले: मजकूर पुन्हा पुन्हा वाचणं, कोड देणं, थीम शोधणं, त्या तपासणं, त्यांना नाव आणि व्याख्या देणं, आणि लेखन. टप्पे सगळ्यांना पाठ असतात. गाडी अडते ती दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये. म्हणून एक कल्पित उतारा घेऊन पाहू.

'सिस्टरने गोळ्या समजावल्या, पण तेव्हा मी खाली कागदपत्रांच्या खिडकीवर होते. आईने ऐकलं. तिला वाचता येत नाही. घरी आल्यावर मी रंगावरून लावून दिलं, पांढरी सकाळी, पिवळी रात्री. पुढच्या महिन्यात दुसऱ्या कंपनीची गोळी मिळाली, तर रात्रीचीही पांढरीच निघाली.'

घाईचं कोडिंग इथे 'औषधं', 'संवाद', 'निरक्षरता', 'अडचण' असे शब्द चिकटवतं. हे शब्द महिनाभराने वाचले तर उताऱ्यात काय होतं ते आठवणार नाही. कोड असा हवा की उतारा झाकला तरी आशय कळावा: 'सूचना दिल्या जातात तेव्हा औषध देणारी व्यक्ती हजर नसते', 'रंगाची खूण करून गोळ्या ओळखणं', 'कंपनी बदलली की घरची पद्धत कोलमडते'. अशा कोडांत सहसा क्रियापद असतं. पंधरा मुलाखतींतले असे कोड एकत्र ठेवले की दिसू लागतं, की व्यायामाच्या बाबतीतही तेच घडलंय, पुढच्या तपासणीच्या तारखेबाबतही तेच. मग थीम तयार होते: 'सूचना मिळतात एकाला, पाळायच्या दुसऱ्याने'. 'औषधांबाबतच्या अडचणी' ही थीम नव्हे, ते नुसतं कपाटाच्या खणावरचं लेबल. तपासून पाहायचं असेल तर थीमचं नाव पूर्ण विधान म्हणून वाचा. कोणी 'हे खरं नाही' असं म्हणू शकत असेल तर ती थीम आहे. 'औषधांबाबतच्या अडचणी' याला कोणीही नाही म्हणू शकत नाही.

थीम जमल्यावर तिच्या विरुद्ध जाणारं उदाहरण मुद्दाम शोधा. ज्या घरात सूचना योग्य माणसाला मिळाल्या, तिथे काय वेगळं होतं? हे विसंगत उदाहरण लपवलं तर परीक्षक ते काढतोच; मांडलं तर थीमची सीमा स्पष्ट होते. एका थीमखाली एकाच सहभागीची अवतरणं जमली असतील तर ती त्या व्यक्तीची हकिगत आहे. ती तशीच मांडा.

दोघांनी कोड देऊन जुळणीचा आकडा काढावा का, यावर गोंधळ फार. कोडची पुस्तिका आधी पक्की करून ती सगळ्या मजकुराला लावायची असेल, तर कोहेनचा काप्पा हा जुळणीचा आकडा काढण्याला अर्थ आहे. ब्राउन आणि क्लार्क यांच्या पद्धतीत संशोधकाची दृष्टी हाच विश्लेषणाचा भाग असतो. तिथे दुसरा वाचक चर्चा खोल करण्यासाठी घ्यावा, आकड्यासाठी नाही. पद्धत एकाची आणि कसोटी दुसऱ्याची, ही मिसळ परीक्षकाच्या नजरेला लगेच खुपते. अनेक संशोधकांचा चमू असेल आणि धोरणासाठी नेमकी उत्तरं हवी असतील, तर रिची आणि स्पेन्सर यांनी १९९४ मध्ये मांडलेली फ्रेमवर्क पद्धत सोयीची: आडव्या ओळीत सहभागी, उभ्या रकान्यांत मुद्दे, प्रत्येक चौकोनात दोन ओळींचा गोषवारा.

सॉफ्टवेअरची चिंता नको. एनव्हिवो किंवा मॅक्सक्यूडीए मजकूर लावून ठेवतात, विचार करत नाहीत. पंधरा मुलाखतींना एक्सेलचा तक्ताही चालतो.

लिहिताना

लेख पाठवण्याआधी तपासणीची यादी भरा. मुलाखती आणि गटचर्चांसाठी २००७ ची कोरेक ही ३२ मुद्द्यांची यादी आहे, आणि सर्व प्रकारच्या गुणात्मक अभ्यासांसाठी २०१४ ची एसआरक्यूआर, २१ मुद्द्यांची. शेवटी भरायला गेलं तर मुलाखतकाराचं सहभागींशी आधीचं नातं, नकार देणाऱ्यांची संख्या, मुलाखतींचा कालावधी अशा गोष्टी सापडत नाहीत. म्हणून यादी पहिल्याच आठवड्यात छापून वहीत चिकटवा.

पंधरा जणांच्या अभ्यासात 'सहभागींपैकी ७३ टक्के' असं लिहू नका. नमुना त्यासाठी निवडलेलाच नव्हता. अवतरण दिलं की त्याच्या आधी किंवा नंतर त्यातून काय दिसतं हे तुमच्या शब्दांत आलं पाहिजे. अवतरणांची रांग लावून अर्थ वाचकावर सोडणं म्हणजे काम अर्धवट टाकणं. आणि निष्कर्ष दुसरीकडे लागू पडतील की नाही हे वाचकाला ठरवता यावं, म्हणून जागा, माणसं आणि परिस्थिती यांचं वर्णन सढळ हाताने करा, ओळख उघड होणार नाही इतपत जपून.

सहभागींना दोन पानांचा सोपा गोषवारा पाठवायचं कबूल केलं असेल, तर तो पदवी मिळण्याची वाट न पाहता पाठवा. टपालाने पाठवताना पाकिटावर संशोधनाचं किंवा आजाराचं नाव येऊ देऊ नका. घरातल्या सगळ्यांना ते ठाऊक असतंच असं नाही. गोषवारे गेले आणि माघारीची मुदत संपली, की नावं जोडणारी फाइल आधी नष्ट करा, तिच्या सगळ्या प्रतींसह: ईमेलमधली, क्लाउडमधली, मार्गदर्शकांच्या संगणकावरची. ध्वनिफिती मंजुरीत लिहिलेल्या तारखेला पुसा, आणि पुसल्याची नोंद तारखेसह त्याच वहीत करा.